कांगासबाईंचं एकास पन्नास

सॉरेल बे गावात दोन लुथरन चर्चं आहेत आणि दोन्हीकडची माणसं एकमेकांच्या लग्नाला जातात, मयताला जातात, एकमेकांच्या केकलाही फारशी नावं ठेवत नाहीत. निवडणुकीत कुणी कुणाला मत दिलं हेही कुणी उकरून काढत नाही. हे गाव फुटलंय ते एकाच गोष्टीवरून. बर्फावर पळणाऱ्या स्नोमोबिलच्या ऑइलवरून.

टू-स्ट्रोक इंजिनाच्या पोटात स्वतःचं ऑइल नसतं. पेट्रोलबरोबर त्याला ते पाजावं लागतं, नाहीतर पिस्टन घासून घासून जागीच चिकटून बसतो. पाजायला हवं यावर गावाचं एकमत आहे. पाजायचं कसं, इथे घोडं अडतं. एक पक्ष म्हणतो, पेट्रोलच्या कॅनमध्येच एकास पन्नास, म्हणजे पन्नास भाग पेट्रोलला एक भाग, ऑइल ओता, हलवा आणि निर्धास्त व्हा. दुसरा म्हणतो, ऑइलची टाकी वेगळी असावी आणि पंपाने लागेल तेवढंच इंजिनात सोडावं. सौनाच्या, म्हणजे घामाघूम करणाऱ्या तापत्या खोलीच्या, बाकावर उघडेबंब बसलेली सत्तरीची माणसं या विषयावरून टॉवेल आवळून तरातरा बाहेर निघून गेलेली लोकांनी पाहिली आहेत.

तायमी कांगासबाई या भानगडीत पडल्या त्या एका भाषणामुळे.

चौतीस वर्षं गावच्या शाळेत रसायनशास्त्र शिकवून त्या जूनमध्ये निवृत्त झाल्या. निरोपसमारंभात गावाने त्यांना पाय वर करून झोपता येईल अशी आरामखुर्ची भेट दिली. खुर्ची चांगली होती. पण देताना मुख्याध्यापक म्हणाले, "बाई, आता काही करू नका. नुसत्या बसा." बाईंना ते लागलं. त्यांनी माइक हातात घेतला, आभार मानले आणि आभारांच्या शेवटी, स्वतःलाही न विचारता, जाहीर करून टाकलं, "येत्या फेब्रुवारीत जुन्या यंत्रांच्या फेरीत मी भाग घेणार आहे."

टाळ्या पडल्या. बाईंचे यजमान एल्मर यांनी मात्र हातातला कॉफीचा कप खाली ठेवला. एल्मरचं अख्खं आयुष्य विमा कंपनीत गेलेलं. त्यांच्या लेखी जगातली प्रत्येक वस्तू म्हणजे अजून न झालेला अपघात.

फेरी म्हणजे गोठलेल्या सरोवरावरून समोरच्या काठावरच्या हेरिंग्टनपर्यंत अकरा मैल जायचं आणि अकरा मैल यायचं. यंत्र किमान दहा वर्षांचं हवं. बाईंना स्नोमोबिल चालवता येत होती, कारण तिथे ती सगळ्यांनाच येते. स्वतःची मात्र नव्हती. सप्टेंबरात त्यांनी चुलतभावाच्या गोठ्यातून एक पिवळी स्नोमोबिल आणली. तिच्या सीटमध्ये उंदरांनी घर केलं होतं, पुढची काच तडकली होती, पण इंजिन फिरत होतं. आणि तिला ऑइलची वेगळी टाकी होती, पंपासकट.

पहिला अडथळा आला तो सरकारी. नोंदणीच्या कचेरीत ड्वेन नावाचा बाईंचाच जुना विद्यार्थी होता. त्याने कागद पाहिले, पुन्हा पाहिले, चष्मा पुसला आणि तिसऱ्यांदा पाहिले.

"बाई, ही होडी आहे."

"काय आहे?"

"होडी. चौदा फुटी. इथे टाइप केलंय ना. बारा वर्षांपूर्वी कुणीतरी चुकीच्या रकान्यात टाकलं असणार."

"ड्वेन, बाहेर ट्रेलरवर ती उभी आहे. खिडकीतून बघ. तिला पट्टा आहे, पुढे स्की आहेत."

ड्वेनने खिडकीतून पाहिलं. "मला दिसतंय हो, बाई. पण माझ्या दिसण्याला काय किंमत? दुरुस्तीसाठी होड्यांचे तपासनीस यावे लागतात आणि ते येतात मे महिन्यात. सरोवर वितळल्यावर."

"वितळलेल्या सरोवरात ही तपासणार?"

"तरंगली नाही तर तुमचं म्हणणं सिद्ध होईल," ड्वेन गंभीरपणे म्हणाला. मग इकडेतिकडे बघून हळूच पुढे म्हणाला, "बाई, यंदा होडी म्हणूनच स्टिकर घेऊन टाका ना. बर्फावर होडी नेऊ नये असा कायदा नाहीये. फक्त एक वल्हं आणि लाइफ जॅकेट बरोबर ठेवा."

बाईंनी स्टिकर घेतलं. शास्त्राच्या माणसाला खोट्या कागदावर सही करताना जे वाटतं ते त्यांना वाटलं, पण फेब्रुवारी मे महिन्याच्या आधी येतो, त्याला कोण काय करणार!

मग सुरू झाला सल्ल्यांचा हंगाम.

शेजारचे लेनर्ड पेल्कोला कुंपणावरून वाकून आले. ते खाणीत लिफ्ट चालवायचे आणि अजूनही कुठल्याही यंत्राकडे बघताना मान तिरकी करून ऐकत राहायचे. "तायमी, पंपाला हात लावू नकोस. इंजिन सावकाश चाललं की त्याला ऑइल कमी लागतं, जोरात चाललं की जास्त. पंपाला ते कळतं. कॅनला कळतं का? कॅन म्हणजे बिनडोक भांडं."

पेट्रोल पंपावर गॉर्डी टर्व्हो होता. गॉर्डी पंचेचाळिशीचा, पंपाचा आणि गॅरेजचा मालक, गावच्या अग्निशमन दलाचा प्रमुख, फेरीचा संयोजक आणि मिश्रण पक्षाचा जणू पोप. बाईंचाच विद्यार्थी. त्याने यंत्राचं झाकण उघडलं, पंपाकडे एक बोट केलं आणि जीभ टाळ्याला लावून 'च्च' केलं.

"काढून टाका हे, बाई. बारा वर्षांची रबरी नळी, नखाएवढं प्लास्टिकचं दातेरी चाक. ते सरोवराच्या मध्यावर मोडलं की तुम्हाला कळणारसुद्धा नाही. कळेल तोवर पिस्टन गेला. पेट्रोलमध्येच मिसळलेलं असलं की जिथे पेट्रोल तिथे ऑइल. यात बिघडायला आहेच काय?"

"आणि प्रमाण?"

"एकास पन्नास. ते मी बघीन. तुम्ही कशाला डोक्याला त्रास करून घेता?"

ज्या बाईने गावाच्या दोन पिढ्यांना प्रमाण म्हणजे काय ते शिकवलं, तिला हा माणूस सांगत होता की पन्नासाला एक हे तुमच्या डोक्याला झेपायचं नाही! बाईंनी यंत्राचं झाकण लावून घेतलं. पण घरी येईपर्यंत त्यांचे कान लाल होते आणि ते थंडीमुळे नव्हते.

शिवाय चर्चमधले, दुकानातले, पोस्टातले सल्ले होतेच. दातांच्या डॉक्टरांनी तर बाईंच्या तोंडात आरसा घालून मिश्रणाची बाजू मांडली, म्हणजे उलट उत्तर द्यायची सोय नाही.

शेवटी तोडगा सुचवला एल्मरनी. "तायमी, विम्यात आम्ही काय करतो? एका कंपनीचा भरवसा नसला तर दोघींकडे उतरवतो. तू पंपही ठेव आणि पेट्रोलमध्येही मिसळ. एक बुडाला तरी दुसरा आहे."

आता खरं तर बाईंना कळायला हवं होतं. पण माणूस रोज आठ-आठ सल्ले ऐकून इतका भंजाळतो की नववा त्याला शहाणपणाचा वाटतो. नोव्हेंबरातल्या एका शनिवारी सकाळी त्यांनी टाकीत एकास पन्नास मिश्रण भरलं, वेगळ्या टाकीत काठोकाठ ऑइल भरलं आणि इंजिन सुरू करायची दोरी ओढली. पाचव्या ओढीला पिवळी सुरू झाली.

धूर निघाला. आधी निळसर, मग पांढरा, मग कुठल्याही रंगात न बसणारा. इंजिनाला दुप्पट ऑइल मिळत होतं आणि जेवढं पचत नव्हतं तेवढं ते परत करत होतं. धुराने आधी गॅरेज भरलं, मग अंगण, मग लेनर्डच्या दोरीवर वाळत घातलेल्या चादरी. वारा नव्हता. धूर रस्ता ओलांडून समोरच्या चर्चमध्ये शिरला, तिथे नाताळच्या गाण्यांची तालीम चालली होती, ती खोकल्यात बुडाली. यंत्र बंद करायला बाई पुढे झाल्या, पण त्यांना यंत्रच दिसेना. चाचपडत बटण सापडेपर्यंत कुणीतरी बंब बोलावला होता.

बंब घंटा वाजवत आला. पुढे हेल्मेट घालून गॉर्डी.

"बाई! घर कुठे पेटलंय?"

"घर पेटलेलं नाही," धुरातून आवाज आला. "मी यंत्र सुरू करून बघत होते."

गॉर्डीने नाक वर करून वास घेतला. पेट्रोलची टाकी उघडून वास घेतला. ऑइलची टाकी पाहिली. मग त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू जे हसू पसरलं ते बाई जन्मभर विसरणार नव्हत्या.

"दोन्ही? बाई, तुम्ही *दोन्ही* घातलंत?"

प्लग काढून पाहिले तर काळेकुट्ट, ओलेकच्च, कॉफीत बुडवलेल्या बिस्किटासारखे.

सोमवारी गावाच्या कचेरीतून पत्र आलं की परवानगीशिवाय उघड्यावर जाळपोळ केल्याबद्दल खुलासा करावा. सोबत एक फॉर्म. 'जाळलेला पदार्थ' या रकान्यात पालापाचोळा, लाकूड, घरगुती कचरा आणि इतर असे पर्याय होते. बाईंनी 'इतर'वर खूण करून स्वच्छ अक्षरात लिहिलं, 'ऑइल, अंदाजे चार टक्के.' एवढ्यावर निभावलं असतं. पण मंगळवारी त्या पेट्रोल पंपावरून जात होत्या. पंपाच्या उंच पाटीवर गॉर्डी एरवी पास्टीचा, म्हणजे खिम्याच्या करंजीचा, भाव नाहीतर वाढदिवसाच्या शुभेच्छा लावायचा. त्या दिवशी तिथे सुटी अक्षरं जुळवून लिहिलं होतं:

ऑइल एकदाच घाला.
अधीक माहितीसाठी कांगासबाईंना भेटा.

बाई गाडीतून उतरल्या नाहीत. काचही खाली केली नाही. पाटी नीट वाचली, त्यातली शुद्धलेखनाची एक चूक मनात टिपली आणि घरी आल्या. संध्याकाळी एल्मर चाचरत म्हणाले, "विकून टाकू या का? लोक काय, चार दिवस हसतील."

"चूक कुठे झाली माहीत आहे का तुला?" बाई म्हणाल्या.

"माझीच. मीच म्हणालो दोन्ही घाल म्हणून."

"तुझी नव्हे. या गावात शंभर माणसांनी मला सांगितलं की पंप चांगला किंवा पंप वाईट. एकानेही तो मोजला नव्हता. आणि मीही मोजला नाही. चौतीस वर्षं पोरांच्या कानीकपाळी ओरडले, मोजल्याशिवाय बोलू नका. आणि स्वतःच्या अंगणात ऐकीव माहितीवर दोरी ओढली."

दुसऱ्या दिवशी त्या शाळेत मोजपात्र मागायला गेल्या. त्यांच्या जागी आलेली तरुण शिक्षिका फार गोड होती, पण तिने उसनवारीचा फॉर्म पुढे केला. साहित्य कशासाठी, किती दिवस, जबाबदार प्रौढाची सही. फॉर्म बाईंनीच वीस वर्षांपूर्वी तयार केला होता आणि तो भरून देताना किती कंटाळवाणा आहे हे त्यांना पहिल्यांदाच कळलं.

शनिवारी प्रयोग झाला. यंत्राचा मागचा भाग लाकडी ठोकळ्यांवर उचलला, पट्टा अधांतरी. टाकीत नीट मिसळलेलं एकास पन्नास, म्हणजे इंजिनाला धोका नको. आणि पंपाकडून येणारी नळी इंजिनापासून सोडवून तिचं तोंड काचेच्या मोजपात्रात. ॲक्सिलरेटरवर लेनर्ड. एल्मर घड्याळ आणि आग विझवायचा सिलिंडर घेऊन दाराबाहेर. बाई गुडघ्यांवर बसून पात्रासमोर.

"सावकाश. दोन मिनिटं."

थेंब पडत राहिले. बाईंनी आकडा लिहिला.

"आता अर्धा."

इंजिन गुरगुरलं. थेंब पडले. बाईंनी आकडा लिहिला आणि भुवया उंचावल्या.

"आता पूर्ण."

इंजिन किंचाळलं, गॅरेजच्या खिडक्या थरथरल्या. बाईंनी आकडा लिहिला. मग तिन्ही प्रयोग पुन्हा केले, आणि पुन्हा. शेवटी कागद लेनर्डसमोर धरला.

इंजिन सावकाश असो की पूर्ण जोरात, पंप थेंबामागून थेंब सारखाच सोडत होता. वेग वाढला तरी त्याला काही सोयरसुतक नव्हतं. या पंपावर विसंबून बाई सरोवरावर गेल्या असत्या तर तिसऱ्या मैलाला इंजिनाचा निकाल लागला असता.

लेनर्डचा चेहरा पाहवेना. ते पंपाशी वाकले, मान तिरकी केली, बोटाने चाचपलं आणि एकदम ताठ झाले. "तायमी! पंप ठीक आहे! हँडलपासून पंपापर्यंतची केबल बघ. खाली आकड्यातून निसटलीय. तू ॲक्सिलरेटर दाबतेस ते पंपाला कळतच नाही!"

"म्हणजे पंपाला सगळं कळतं," बाई म्हणाल्या, "फक्त कुणी सांगितलं तर."

"चांगला नवराही तसाच असतो," लेनर्ड म्हणाले. दाराबाहेरच्या एल्मरनी घड्याळात पाहिलं.

केबल आकड्यात अडकवली, खुणेला खूण जुळवून ताणली. नळीत हवेचे बुडबुडे अडकले होते, ते थेंब थेंब ऑइल जाऊ देऊन बाहेर काढले. मग मोजलं. अर्ध्यावर दुप्पट, पूर्ण जोरात त्याहून कितीतरी जास्त. बाईंनी आलेख काढला. सरळ, चढती, देखणी रेषा. एल्मरनी ती पाहून विचारलं, "फ्रिजवर लावू?" आणि लावली.

नंतरचे दोन महिने बाई पिवळी घेऊन रोज सरोवराच्या कडेकडेने फिरत. साधं पेट्रोल, वेगळं ऑइल. रोज परत आल्यावर पट्टीने ऑइलची पातळी मोजत आणि वहीत लिहीत. पेट्रोल पंपावरची पाटी बदलली होती, पण लोकांची तोंडं बदलली नव्हती. दुकानात कुणीतरी हमखास विचारायचंच, "मग बाई, आज एकदा की दोनदा?"

फेरीच्या सकाळी पारा शून्याखाली अठरावर होता. सगळी मिळून एकोणीस यंत्रं जमली होती. वेगळ्या टाकीचं एकच, बाईंचं. त्यातून वल्हं आणि लाइफ जॅकेट मागे बांधलेलं, त्यामुळे प्रत्येक जण येऊन मासे कसे लागतायत ते विचारून जात होता.

गॉर्डी दिलदार माणूस. त्याने काठावरच मिश्रणाचं पिंप आणून ठेवलं होतं आणि भाग घेणाऱ्या प्रत्येकाची टाकी फुकट भरून देत होता. "या बाई! सगळ्यांना गॉर्डीकडून!"

"माझं मी आणलंय, गॉर्डन."

"पंपाला विचारलंत का सकाळी, बरं वाटतंय का म्हणून?"

हशा पिकला. बाईंनी हेल्मेटची काच खाली ओढली.

यंत्रं सुटली आणि मैलभरात सगळी पुढे गेली. बाईंना घाई नव्हती. त्यांनी वेग ठरवून घेतला होता आणि त्या वेगाला पंपाने किती ऑइल द्यायचं ते त्यांना पाठ होतं. पाचव्या मैलाला मागून किंचाळत एक हिरवं यंत्र आलं. संयोजक म्हणून सगळ्यात शेवटी निघालेला गॉर्डी! त्याने हात हलवला, बाईंच्या अंगावर बर्फाचा फवारा उडवला आणि पूर्ण जोरात क्षितिजाकडे गेला.

सातव्या मैलाला तो त्यांना पुन्हा भेटला. हिरवं यंत्र आडवं उभं होतं आणि गॉर्डी त्याच्याकडे पाठ करून उभा होता, भांडण झाल्यासारखा.

बाई थांबल्या. "काय झालं?"

"काही नाही. तुम्ही व्हा पुढे."

"गॉर्डन."

त्याने इंजिन सुरू करायची दोरी हातात धरून ओढली. ती हललीच नाही. "पिस्टन चिकटलाय," तो बर्फाकडे बघत म्हणाला. "एकास पन्नास होतं, बाई. आईची शप्पथ. मी स्वतः मिसळलंय."

बाईंनी हातमोजा काढला आणि त्याच्या टाकीचं झाकण उघडलं. आत उजेड पडला. तिकडचं ऑइल निळं असतं, मिश्रणाला फिकट निळी झाक यायला हवी. हे पाण्यासारखं होतं.

"कधी मिसळलंस?"

"आज सकाळी. काठावरच, पिंपात. एरवी गॅरेजमध्ये उबेला मिसळतो, पण एवढ्या यंत्रांचं म्हणून..." तो थांबला.

"आणि ऑइलचे डबे?"

"रात्रभर ट्रकमध्ये होते. मागे, उघड्यावर." आता तो हळूहळू बोलत होता. "काकवीसारखं झालं होतं. ओतायलाच दहा मिनिटं लागली. ते मिसळलंच नसणार, बाई. तळाशी जाऊन बसलं. आणि पिंपाचा नळ तळापासून चार बोटं वर आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे मी सगळ्यांना नुसतं पेट्रोल भरून दिलं."

वारा सुटला होता. पुढे सरोवरावर एकही ठिपका दिसत नव्हता.

"मी सुसाट आलो म्हणून माझं आधी गेलं," गॉर्डी म्हणाला. "बाकीचे सावकाश जातात. टाकीत आधीचं थोडं मिश्रण होतंच. पोचतील कदाचित. पण परत येताना..."

त्याच्याकडे दोर होता. माणसं ओढून आणायचं तर त्याचं कामच होतं. त्याने स्वतःच्याच यंत्राला तो बांधला, दुसरं टोक पिवळीला. बांधता बांधता खालच्या आवाजात म्हणाला, "बाई, एक विनंती आहे. हेरिंग्टनच्या आधी तो मोठा खडक लागतो ना, त्याच्या आडोशाला मला सोडा. मी ढकलत नेतो. लोकांसमोर नको. मी तुमच्याशी कसा वागलो ते मला माहीत आहे. तरी विचारतोय."

बाईंना पाटी आठवली. अक्षर न् अक्षर आठवलं, चुकीसकट. पण भर रस्त्यावर आपलं नाव उंच टांगलेलं बघणं काय असतं हेही त्यांना माहीत होतं. "सोडीन," त्या म्हणाल्या.

मागे दुप्पट ओझं. पिवळी गुरगुरत निघाली. बाईंनी ॲक्सिलरेटर हळूहळू दाबत नेला आणि इंजिनाचा आवाज कान देऊन ऐकला. कोरडा नव्हता. वेग वाढत होता तसं ऑइल वाढत होतं. हे त्यांना नुसतं वाटत नव्हतं, त्यांनी ते पात्रात थेंब थेंब मोजलेलं होतं. त्या बर्फावर त्या क्षणी दुसरं कुठलंही इंजिन त्यांनी मागितलं नसतं. त्यांची मान आपोआप ताठ झाली.

खडक आला. बाई थांबल्या, उतरल्या आणि गाठ सोडायला वाकल्या. खडकापलीकडून माणसांचे आवाज येत होते, आणि मधूनच एखादं इंजिन घरघरल्याचा.

गॉर्डी जागचा हलला नाही. ते आवाज ऐकत राहिला. मग म्हणाला, "राहू द्या."

"काय?"

"दोर राहू द्या, बाई. मी चालत गेलो तर म्हणतील, गॉर्डीला पेट्रोल कमी पडलं. हसतील आणि आपापली यंत्रं घेऊन निघतील. तुम्ही मला ओढत नेलंत तर सगळे धावत येतील बघायला. सगळेच्या सगळे. मग मला एकदाच सांगावं लागेल."

बाईंनी त्याच्याकडे पाहिलं. चौतीस वर्षांत त्यांच्या वर्गातून हजारेक मुलं गेली असतील. त्यातली काही डॉक्टर झाली, एक तर मोठ्या विद्यापीठात शिकवतो. पण त्या वेळी, नाकाखाली गोठलेला बर्फ घेऊन उभा असलेला हा दांडगा माणूस आपला विद्यार्थी आहे, याचा त्यांना जेवढा अभिमान वाटला तेवढा कधी कुणाचा वाटला नव्हता. त्यांनी गाठ पुन्हा आवळली. पुन्हा सीटवर बसल्या.

हेरिंग्टनच्या काठावर दोन-अडीचशे माणसं होती. खडकामागून आधी पिवळी आली, वल्ह्यासकट. मग दोर आला आणि दोराच्या शेवटी गॉर्डी टर्व्हो. क्षणभर कुणाला समजेना. मग जो हास्याचा लोट उसळला तो पास्टी विकणाऱ्या तंबूतून सुरू होऊन चर्चच्या पायऱ्यांपर्यंत गेला. माणसं धावत आली, कॅमेरे निघाले. आणि गॉर्डी यंत्रावर उभा राहून दोन्ही हात वर करून ओरडत होता:

"हसा! पण आधी इंजिनं बंद करा! माझ्या पिंपातलं ज्यांनी भरलंय त्यांनी दोरी ओढायची नाही! त्यात ऑइल नाहीये! चूक माझी आहे! बंद करा!"

हसू हळूहळू विरलं. परतीला निघालेल्या एकाने दोरी धरलेला हात मागे घेतला. दुसऱ्याने टाकीचं झाकण उघडून आत पाहिलं आणि शेजाऱ्याला बोलावलं.

पुढचा तास चर्चच्या स्वयंपाकघरात गेला. हेरिंग्टनच्या दुकानातून आणलेले ऑइलचे डबे गरम पाण्याच्या पातेल्यात ठेवले. बाहेर पेट्रोल, आत ऑइल आणि दारात बाई, चर्चमधल्या काकूंनी दिलेलं केकचं मापाचं भांडं हातात घेऊन. सतरा दांडगे पुरुष आपापल्या टाकीतलं पेट्रोल कॅनमध्ये काढून रांगेत उभे होते. बाईंनी कुणासाठीही घाई केली नाही.

"किती गॅलन?"

"पाच, बाई."

"मग ऑइल किती?"

तो आढ्याकडे बघून पुटपुटत हिशेब करायचा. चुकला तर रांगेच्या शेवटी. दोघं गेले. "हलव. अजून हलव. तळ बघ. निळं दिसतंय का सगळीकडे? आता जा."

रांगेच्या टोकाला गॉर्डी डबे पुसून पुसून देत होता. "लेनर्डला सांगू नका हं, बाई," तो म्हणाला.

"लेनर्डला मी सगळं सांगणार आहे. आणि त्याच्या पंपाचं काय झालं होतं ते तुलाही सांगते. बस जरा."

तोवर रस्त्याने वळसा घालून एल्मर गाडी घेऊन पोचले होते, थर्मास, दोन घोंगड्या आणि प्रथमोपचाराची पेटी घेऊन. गॉर्डीला त्यांनी पुढे बसवलं. मग मागचं दार उघडून धरलं. "तायमी, बस. आत उबदार आहे. पिवळीला आपण उद्या ट्रेलर आणून नेऊ."

बाईंनी हेल्मेट उचललं. काठावर सतरा यंत्रं ओळीने उभी होती आणि एकही निघत नव्हतं. त्यांच्यापुढे पिवळीएवढी जागा मोकळी ठेवलेली होती.

"अकरा मैल आहेत," त्या म्हणाल्या. "तू हो पुढे, एल्मर. आणि घरी पोचलास की सौना तापव."